चासी घरात, इंजिनाचा शोध



मागे एकलहऱ्याला एका मळ्यावर जाणे झाले. खरे म्हणजे गेलो होतो द्राक्षावरची भुरी पाहायला. पण भुरी राहिली बाजूला आणि बापलेकाच्या वादात पंच म्हणून बसावे लागले. वाद होता इंजिनाचा. असा वाद आज बऱ्याच मळ्यांवर चालला असेल, म्हणून या वेळचे पान त्यालाच देतो.

त्यांच्या शेडमागे बोरीच्या झाडाखाली एका जुन्या जीपची चासी उभी आहे. बॉडी गंजून केव्हाच भंगारात गेली, मूळचे इंजिन आजोबांच्या हयातीतच विकले गेले. राहिले ते पुढचा-मागचा एक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि दोन लांब लोखंडी बीम. मुलगा आयटीआय झालेला, हाताने चांगला. त्याचा बेत असा, की या चासीवर इंजिन बसवून मळ्यातली गाडी करायची. मागे 500 लिटरची फवारणीची टाकी, आणि काढणीच्या दिवसांत टाकी उतरवून क्रेट. ओळीत 9 फुटांचे अंतर आहे, जीप त्यातून जाते. बेताला मी नाव ठेवले नाही. पोरगा घरात बसून नुसता मोबाईल चोळत नाही, काही करू पाहतो, हे थोडे नव्हे.

नानांचे म्हणणे असे, की विहिरीवरच्या खोलीत 5 एचपीचे जुने डिझेल इंजिन पडून आहे, ते बसव, पैसा कशाला घालवायचा? मळ्यातून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. विहिरीवर विजेची मोटर आली आणि ते इंजिन तेव्हापासून गोणपाटाखाली गेले. मुलाचे म्हणणे, नाशिकरोडला भंगारवाल्याकडे अपघातातल्या छोट्या मोटारीचे 70 एचपीचे डिझेल इंजिन आले आहे, "साहेब, त्यात जीव आहे." दोघांनी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात माई चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "पळंल कशी ते दोघंबी सांगतेत. थांबंल कशी, ते कुणी सांगितलं का?"

मंडळी, मी बीएस्सी अ‍ॅग्री, इंजिनिअर नव्हे. पण इतकी वर्षे पंप, फवारे आणि ट्रॅक्टर पाहिल्यावर सांगतो, की त्या तिघांत पहिला प्रश्न माईंचा. इंजिन निवडण्याची सुरुवात ब्रेकपासून करायची.

त्या जीपच्या ब्रेककडे पाहा. जुन्या बांधणीत चारही चाकांचे ब्रेक एकाच ऑइलच्या नळीवर असतात. एका चाकाचे रबर फाटले की ऑइल गळते आणि चारही चाके एकदम मोकळी होतात. हँडब्रेक असतो तो चाकावर नव्हे, गिअरबॉक्सच्या मागे, जॉइंट शाफ्टवर. म्हणजे चारीच्या चढावर भरली गाडी हँडब्रेकवर उभी आहे आणि शाफ्टचा क्रॉस तुटला, तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मागे सुटणार. अशा चासीवर तुम्ही 70 एचपी घातलेत तर ती 60-70 च्या वेगाने पळू लागेल. वेग दुप्पट केला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. मागे टाकीत पाचशे लिटर पाणी, तेही अर्धवट भरलेले असले तर वळणावर एका बाजूला धावणारे. बांधावरून गाडी कलंडायला मग फारसे काही लागत नाही. म्हणून आधी ब्रेकचे नवे रबर, लायनर आणि नळ्या, आणि टाकीत पाणी अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या. चढावर उभी करताना चाकाखाली लाकडी ठोकळा. इंजिनाचा पैसा यातून उरेल त्यातून.

आता कामाचा हिशेब करू. हा हिशेब कुणालाही येतो. खडू, टेप आणि जॅक एवढेच लागते.

मागच्या टायरवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि जमिनीवर किती अंतर गेले ते मोजा. या जीपचे आले 2.2 मीटर. मग मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून, दोघांनी दोन्हीकडून बरोबरच एक फेरा फिरवायची आणि तिसऱ्याने जॉइंट शाफ्टचे फेरे मोजायचे. एकच चाक फिरवलेत तर आकडा निम्मा येईल आणि सगळा हिशेब चुकेल. इथे आला 5.38, म्हणजे पाच फेरे आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. पहिल्या गिअरचे प्रमाण 2.8 निघाले आणि जीपला जो दुसरा छोटा दांडा असतो, लो गिअरचा, त्याचे 2.46.

पंपाचे इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरते असे धरा. पहिल्या गिअरमध्ये, लो न घालता, गाडी ताशी 13 किलोमीटरने जाईल. फवारणीसाठी हा वेग फार झाला, औषध पानांवर बसण्याआधी गाडी पुढे गेलेली असेल. पहिला गिअर आणि लो दोन्ही घातले तर वेग येतो ताशी 5.3 किलोमीटर. माणूस जरा झपाट्याने चालला तर जितका चालेल तितका. आपल्या कामाचा वेग हाच.

ताकदीचा भाग. एक एचपी म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. त्यातला चौथा हिस्सा गिअर, बेअरिंग आणि क्रॉस यांच्यात खर्ची पडतो. चासी, इंजिन, पाण्याची टाकी, चालवणारा आणि सटरफटर मिळून दीड टन वजन धरले. घट्ट मातीवरून गाडी ओढायला वजनाचा दहावा हिस्सा जोर धरावा, म्हणजे 150 किलो. ओल्या काळ्या मातीत याहून बराच जास्त लागतो, तेव्हा तिथे गाडी घालूच नये. ताशी 5.3 च्या वेगाने 150 किलोचा जोर म्हणजे इंजिनाकडून साधारण 4 एचपी. नाना खुशीने हसले, "माझं पाचाचं बसतंय की!" पण नाना, थांबा. फवारणीचा एचटीपी पंपही त्याच इंजिनावर चालणार, त्याला 3 ते 5 एचपी हवेत. आणि मळ्यातून रस्त्याला येताना चारीचा चढ आहे, दहा फुटांत एक फूट चढणारा. तिथे आणखी 150 किलो जोर लागतो, म्हणजे 8 एचपी. पाचाचे इंजिन चढाच्या मध्यात बंद पडेल आणि मग ब्रेक व ठोकळा यांचीच गाठ.

म्हणजे हिशेबाने 8 लागतात, थोडी ताकद हाताशी असावी म्हणून 10 ते 13 एचपी घ्यावे. सत्तर नकोत आणि पाच पुरत नाहीत. बापलेक दोघेही चुकले, त्यामुळे निवाडा द्यायला मला सोपे गेले.

मुलाच्या इंजिनाची अडचण एवढीच नव्हती. अलीकडच्या छोट्या मोटारींत इंजिन आडवे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळे त्याच गठ्ठ्यात. त्यातून दोन दांड्या निघतात त्या थेट पुढच्या चाकांना. जीपचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत. मागे गिअरबॉक्स, त्यामागे जॉइंट शाफ्ट. आडव्या इंजिनाला जीपचा गिअरबॉक्स जोडायचा तर मधली घंटेसारखी पेटी, ज्याला बेल हाउसिंग म्हणतात, तिचे बोल्ट जुळत नाहीत, क्लच प्लेटचे दाते शाफ्टशी जुळत नाहीत. लेथवाल्याकडून मधली प्लेट करून घेता येते, पण इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य केसभरही चुकता कामा नये. चुकला तर काही दिवसांत बेअरिंग ओरडू लागते, मग क्लच जातो आणि प्रत्येक वेळी सगळा गठ्ठा खाली उतरवावा लागतो. शिवाय अशा इंजिनाचे डिझेल संगणकाच्या पेटीतून सुटते. ती पेटी, तिची तारांची जुडी, चावीतली चिप यातले एक नसले तरी इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. भंगारवाला इंजिन विकतो, तारांची जुडी त्याने आधीच कापलेली असते.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या खात्याची. मोटारीचे इंजिन पायाखालच्या पॅडलवर कमी-जास्त पळते. ते कमी-जास्त झाले की फवारणीच्या पंपाचा दाब कमी-जास्त, आणि मग एका वेलीवर औषध ओघळते व पुढच्या चार वेली कोरड्या राहतात. भुरी तिथूनच पुन्हा उठते. पंपाच्या किंवा पॉवर टिलरच्या इंजिनाला गव्हर्नर असतो, तो भार वाढला-घटला तरी फेरे एकसारखे ठेवतो. फवाऱ्याच्या गाडीला हा गुण लाखमोलाचा. या बाबतीत नानांचा रोख बरोबर होता, फक्त इंजिन लहान पडले.

मग कोणते घ्यावे? मी दोन सुचवली. एक, दोन सिलिंडरचे 10 एचपीचे, 1500 फेऱ्यांचे पाण्याने थंड होणारे पंपाचे इंजिन. दुसरे, मोडीत निघालेल्या पॉवर टिलरचे 12-13 एचपीचे, 2000 ते 2400 फेऱ्यांचे. दुसरे वजनाला हलके आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळणारे. जुन्या चालीची 650 फेऱ्यांची, दोन मोठ्या चाकांची इंजिने काही शेडांत अजून दिसतात. गव्हाची गिरणी चालवायला ती उत्तम, पण चाकांसकट वजन 300 किलोच्या वर जाते आणि सिमेंटच्या ओट्यावरसुद्धा ती नाचतात. चासीवर बसवलीत तर रिव्हेट ढिले होऊन बीमला चीर पडेल.

टिलरचे इंजिन घेतलेत तर गिअरबॉक्सला थेट जोडायच्या भानगडीत पडू नका, पट्ट्याने जोडा. मध्ये एक शाफ्ट, त्यावर क्लच. इंजिन 2000 फेऱ्यांचे असेल तर इंजिनावर 6 इंची पुली आणि शाफ्टवर 8 इंची, म्हणजे गिअरबॉक्सला बरोबर 1500 मिळतात आणि वरचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. पट्ट्याचा फायदा असा, की चाक दगडाला अडले तर पट्टा घसरतो, गिअरचे दात वाचतात. पट्ट्यावर जाळीचे झाकण मात्र हवेच. उपरण्याचे किंवा साडीचे टोक पट्ट्यात गेल्याने काय होते, हे मळणीयंत्रांच्या दिवसांत आपण पुरेसे पाहिले आहे.

इंजिन फिरते कुठल्या बाजूने, हे विकत घेण्यापूर्वी पाहा. मागची चाके जॅकवर घ्या, पहिला गिअर टाका आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट हाताने फिरवा. चाक पुढे फिरेल ती बाजू बरोबर. पंपाची सगळी इंजिने मोटारीच्या इंजिनासारख्या बाजूने फिरतातच असे नाही. उलटे बसले तर तुम्हाला एक गिअर पुढे जायचा आणि तीन मागे जायचे मिळतील. हसू नका, असे झालेले मी ऐकले आहे. पट्ट्याची जोडणी असेल तर इंजिनाचे तोंड फिरवून बसवले की काम भागते.

जागेचे माप घ्यायची एक सोपी रीत सांगतो. इंजिन आणण्याआधी त्याच्या लांबी-रुंदी-उंचीचा प्लायवुडचा खोका करा आणि चासीत ठेवून पाहा. खाली ऑइलची टाकी पुढच्या एक्सलवर आदळेल का? एक्सल खड्ड्यात वर उसळतो हे ध्यानात घ्या, निदान चार बोटे जागा सोडा. स्टिअरिंगचा दांडा पूर्ण डावी-उजवीकडे फिरतो का, रेडिएटर आणि पंखा यांच्यात हात जातो का, फिल्टर आणि ऑइलची कांडी बाहेर काढता येते का, हे सगळे खोक्यावरच कळते. इंजिनाचे फाउंडेशन रबराचेच घ्या. आणि वजन जितके खाली आणि जितके मध्याकडे, तितके बरे. सायलेन्सरचे तोंड कडब्याकडे नको.

आता कायद्याची बाजू. ही कटू आहे, पण टाळून चालणार नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे म्हणून गाव आहे. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. सुमारे 60 हजार रुपयांत ती तयार झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. डिसेंबर 2021 मध्ये तिचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि आनंद महिंद्र यांनी त्यांच्या कल्पकतेचे तोंड भरून कौतुक केले; पण त्याच दमात हेही सांगितले, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावरून थांबवतील. जानेवारी 2022 मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. त्यांच्या हाताला सलाम. तरीही एवढे कौतुक होऊनसुद्धा ती गाडी रस्त्यासाठी पास झाली नाही, हे विसरू नका. प्रत्येकाच्या दारात बोलेरो येणार नाही.

उत्तरेकडे पंपाचे इंजिन लाकडी चौकटीवर बसवून माणसे आणि माल नेणाऱ्या गाड्या फार. कुठे त्यांना जुगाड म्हणतात, कुठे मारुता. अशाच एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, की जुगाड हेही कायद्याने मोटार वाहनच आहे. नोंदणी आणि विमा याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही. याचा अर्थ घरच्या भाषेत सांगायचा तर असा: तुमची घरी बनवलेली गाडी गावच्या रस्त्यावर कुणाला लागली, तर विमा कंपनी कुठेच नाही, भरपाई तुमच्या सातबाऱ्यातून. जुन्या जीपचे आरसी पुस्तक आहे म्हणून भागत नाही. पुस्तकात इंजिनाचा नंबर, इंधन आणि बांधणी लिहिलेली असते. त्यात बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि त्याच जातीचे इंजिन बदलणे वेगळे, पंपाचे इंजिन घालणे वेगळे. पंपाच्या इंजिनाला मंजुरी मिळेल या भरवशावर राहू नका.

तेव्हा ही गाडी बांधाच्या आतली. मळ्याचे फाटक हीच तिची हद्द. बांधावरून रस्त्यावर उतरून "एवढं पलीकडच्या वावरात जाऊ" म्हणायचे नाही. ज्यांचे वावर दोन ठिकाणी तुटक आहे, मध्ये डांबरी रस्ता आहे, त्यांनी हा बेत करूच नये. त्यांना द्राक्षबागेसाठी निघालेला अरुंद छोटा ट्रॅक्टर बरा. त्याला नोंदणी आहे, विमा आहे, आणि यांत्रिकीकरणाच्या योजनेतून महाडीबीटीवर अर्जही करता येतो. घरी बनवलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, कारण अनुदानाला चाचणीचा दाखला लागतो.

नुसती हौस म्हणूनही हे काम वाईट नाही. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी 1994 मध्ये बुलेट मोटारसायकलला मागे अवजारे जोडून कोळपणीचे यंत्र केले, त्यात साडेपाच एचपीचे डिझेल इंजिन होते. आधी बैल परवडत नाहीत हे दुखणे ओळखले, मग त्याच्या मापाचे इंजिन शोधले. म्हणून थोड्या ताकदीत त्यांचे भागले.

परवा पुन्हा त्या मळ्यावर गेलो होतो. मुलाने प्लायवुडचा खोका केला आहे. पहिल्या जागी ठेवला तेव्हा पुढच्या एक्सलला भिडत होता, म्हणून अर्धा फूट मागे सरकवला; आता स्टिअरिंग मोकळे फिरते. इंजिन अजून घेतलेले नाही. सिन्नरकडे एका पॉवर टिलरचे इंजिन आहे असे कळले, ते चालू करून, अर्धा तास तापवून, धूर पाहूनच पैसे द्या असे सांगून आलो. निळा धूर असला तर नको. ब्रेकचे सामान मात्र आणले आहे, आणि चारही ड्रम उघडून अंगणात मांडले होते. माईंनी बाभळीच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले आहेत, त्यांना दोरी बांधली आहे म्हणजे उचलायला वाकावे लागणार नाही. नानांचे पाचाचे इंजिन गोणपाटाखालून बाहेर निघाले. रात्रीची वीज गेली की ते विहिरीवर चालवायचे असे ठरले आहे, आणि त्याचा नोझल दाखवायला मी ते पुढच्या आठवड्यात नाशिकरोडला नेणार आहे.